आमच्या घरातली रहस्यकथा

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, मुलं शाळेत आणि 'हे' ऑफिसात गेले, की तासभर तरी आपला असतो. त्या तासात कुणी विणकाम काढतं, कुणी गहू निवडतं, कुणी सरळ आडवं होतं. मी काय करायची सांगू? मी खून वाचायची!

दचकलात ना? घाबरू नका. मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांबद्दल बोलतेय. आता सत्तरी उलटून गेली, सासूबाई नाहीत, हेही नाहीत, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. संसाराची पहिली दोन वर्षं मी ही पुस्तकं तुरडाळीच्या डब्यामागे लपवून वाचली. आणि त्या वाचनापायी एकदा माझाच संसार पणाला लागायची वेळ आली. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

१९७१ च्या वैशाखात लग्न होऊन मी कोयनानगरला आले. माझं माहेर सांगलीचं. सांगलीत दारात भाजीवाली, कोपऱ्यावर किराणा, संध्याकाळी गणपतीचं देऊळ. इथे काय, तर चारी बाजूंनी डोंगर, खाली धरण, आणि शिवाजीसागराचं लांबच लांब पाणी. कराडला जायचं तर पाटणवरून एस.टी., चिपळूणला जायचं तर कुंभार्ली घाट. पावसाळ्यापूर्वीचा महिना दीड महिना मी हरखून गेले. मग जूनमध्ये पाऊस लागला तो लागलाच. कोयनेचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, असं हे सांगायचे. मला एवढंच कळायचं, की धुतलेलं लुगडं चार दिवस वाळत नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवायचे. मिठाला पाणी सुटायचं, पापडाला बुरशी धरायची, काड्यापेटी चुलीजवळच्या फडताळात ठेवली तरी पेटायची नाही.

अशा त्या चार महिन्यांत माणसाने करायचं काय? वसाहतीत एक लहानसं वाचनालय होतं. दोन कपाटं, एक टेबल, आणि महिना एक रुपया वर्गणी. वरच्या कप्प्यात खांडेकर, फडके. खालच्या कप्प्यात, पार पानं सुटलेली, हळदीचे आणि तेलाचे डाग पडलेली अर्नाळकरांची पुस्तकं. कुठली पुस्तकं खरोखर वाचली जातात ते त्या डागांवरूनच कळायचं! वाचनालय बघणारे गृहस्थ पुस्तक कागदात गुंडाळून द्यायचे, जणू काही औषधच.

अर्नाळकरांचा झुंझार तुम्हाला आठवतो का? काळा पहाड? आणि गुप्तहेर धनंजय, त्याचा तो छोटू? आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राला वाचनाची गोडी या मंडळींनी लावली. इंग्रजी रहस्यकथांच्या वळणावरची कथानकं, पण माणसं मुंबईची, बोलणं आपलं. बुद्धिमान टीकाकार त्यांना नाक मुरडत. पण गिरणीतला कामगार, शाळेतला मुलगा आणि माझ्यासारखी डबा लावून चोरून वाचणारी सून, आम्ही कुठे टीकाकारांना विचारायला गेलो होतो?

एके दिवशी त्या वाचनालयवाल्यांनी मला सहज सांगितलं, "वहिनी, अर्नाळकर हे त्यांचं खरं नाव नव्हे बरं का. चंद्रकांत सखाराम चव्हाण त्यांचं नाव. मुंबईत चष्म्याचं दुकान आहे त्यांचं."

मी चाटच पडले. माझ्या मनातले बाबूराव म्हणजे ओव्हरकोट घातलेले, अर्नाळ्याच्या किल्ल्यासारखे भक्कम, डोळ्यांत धार असलेले. आणि प्रत्यक्षात हा गृहस्थ चष्मे विकणारा! दिवसा लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं द्यायची, आणि लेखणी हातात घेतली की त्याच लोकांना अंधारात चाचपडायला लावायचं! किती लिहिलं या माणसाने? हजाराच्या वर रहस्यकथा. साधा हिशेब करा. पन्नास वर्षं अखंड लिहिलं असं धरलं तरी वर्षाला वीस पुस्तकं होतात, महिन्याला दीडाच्या वर. आपण महिन्याचं दुधाचं बिल वेळेवर लिहीत नाही. बाबूराव १९९६ साली गेले. ज्यांनी त्यांची शंभर शंभर पुस्तकं वाचली त्यांनाही विचारा, या माणसाच्या आयुष्याबद्दल चार ओळी येतात का? खुनी कोण, हे तो शेवटच्या प्रकरणात सांगून टाकायचा. स्वतः कोण, ते मात्र चव्हाणांनी अर्नाळकरांच्या मागे झाकूनच ठेवलं.

तेव्हा मला याचं फार नवल वाटलं. एकाच अंगात दोन माणसं कशी राहतात? आणि त्याच दिवसांत मला कळायला लागलं होतं, की माझ्या स्वतःच्या घरातही एक माणूस आहे, ज्याचं अर्धंच नाव मला ठाऊक आहे.

आमचे हे स्वभावाने मऊ. आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तरी काही गोष्टी विचित्र होत्या. एक म्हणजे दाराची कडी. रात्री निजताना खोलीच्या दाराची कडी लावायची नाही म्हणजे नाही. नव्या नवरीची काय पंचाईत होते, ते तुम्हा सगळ्यांना सांगायला नको! मी लाजत लाजत कडी लावली, की हे उठून काढून यायचे. दार नुसतं लोटलेलं. उशाशी बॅटरी आणि पायाशी वहाणा, त्याही दाराकडे तोंड करून.

दुसरं, त्यांचा डावा हात कोपरात पुरा सरळ होत नसे. विचारलं तर म्हणाले, "सायकलवरून पडलो होतो." पण ते सायकल चालवतच नसत. एवढ्यावरून धनंजयला संशय आला असता की नाही?

तिसरं, एक लोखंडी ट्रंक. पलंगाखाली, कुलूपबंद. किल्ली जानव्याला.

आणि चौथं, खुद्द अर्नाळकर. एकदा मी डब्यामागचं पुस्तक परत ठेवायला विसरले आणि ते यांच्या नजरेला पडलं. मला वाटलं, हसतील. फार तर चिडवतील. पण यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "हे परत करून ये. आत्ता. या घरात हे नको." भर पावसात छत्री घेऊन मी गेले. मनात म्हटलं, मोठे सोवळे! आणि दुसऱ्या आठवड्यात नवं पुस्तक आणलं.

आता १९७२ चा डिसेंबर. ११ तारखेला पहाटे यांनी अंघोळ केली, चहासुद्धा न घेता बाहेर पडले. रजा टाकली होती, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. दुपारी परत आले ते जेवलेच नाहीत. आदल्या वर्षीही ११ डिसेंबरला असंच झालं होतं, ते मला तेव्हा आठवलं. कोट खुंटीला टांगताना मी खिसे चाचपले. हो, चाचपले! ज्या बाईने नवऱ्याचे खिसे कधी पाहिले नाहीत तिने मला नावं ठेवावीत. खिशात एस.टी.चं तिकीट, पाटणच्या अलीकडच्या एका गावाचं. आणि आतल्या खिशात मनीऑर्डरच्या पावत्या. दर महिन्याला पंधरा रुपये. पावतीवर एका बाईचं नाव.

पंधरा रुपये! त्या काळी आमचा महिन्याचा किराणा किती कसोशीने बसवायची मी. तेल संपलं तर चार दिवस फोडणीवाचून काढायची. आणि हे दर महिन्याला एका बाईला पंधरा रुपये पाठवतात, आणि मला एका शब्दाने सांगत नाहीत!

त्या रात्री मला झोप लागली नाही. रहस्यकथा वाचून वाचून माझं डोकं तयार झालेलं. पुरावे जुळवत बसले. बंद ट्रंक. खोटा अपघात. ठरावीक तारीख. गुपचूप पैसे. उलगडा एकच होत होता, आणि तो कुठल्या बायकोला आवडेल? मी तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होते. माहेरी पत्र लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. सासूबाईंना गावी कळवावं का, असंही मनात येऊन गेलं. यांच्याशी बोलणं तोडलं नाही, पण वाढताना पातेलं जरा आपटायचं, हाक मारली की दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. तुम्हाला माहीत आहे तो प्रकार.

शेवटी जानेवारीत मी ठरवलं, स्वतःच जाऊन बघायचं. "पाटणच्या बाजाराला जाते" असं सांगून निघाले. तुम्ही म्हणाल, धाडस केलंस. धाडस कसलं! पाय लटपटत होते. गावात उतरून नाव विचारलं. एका पोराने घर दाखवलं. माझ्या मनात कोण उभी होती माहीत आहे? लांब वेणीची, काजळ घातलेली, अर्नाळकरांच्या मुखपृष्ठावरची बाई.

ओसरीवर एक म्हातारी बसली होती. साठीच्या पुढची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोर सुपात हुलगे, आणि ती हाताने चाचपून खडे काढत होती. मी कोण, हे सांगायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. मी फक्त यांचं नाव घेतलं. खरं म्हणजे तोवर मी ते उखाण्यातच घेतलेलं!

म्हातारीने हातातलं सूप खाली ठेवलं. "आगं माज्या लेकी, तू त्याची बायकू व्हय? ये, आत ये. लगीन झालं म्हनून सांगितलं व्हतं त्यानं. माजा ल्योक आसता तर त्याचंबी झालं आसतं."

तिने मला गुळाचा चहा दिला. आणि मग मला तिच्याकडून ते सगळं कळलं, जे माझ्या नवऱ्याने मला पावणेदोन वर्षांत सांगितलं नव्हतं.

११ डिसेंबर १९६७. सोमवारची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा तो धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, हजारो जखमी झाली, धरणाच्या भिंतीलाही चिरा गेल्या. सांगलीत आम्हीही घाबरून अंगणात धावलो होतो. हे सगळं मला माहीत होतं. वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण कोयनानगरला नोकरी असलेल्या माणसाशी लग्न करूनही, "तुम्ही त्या पहाटे कुठे होतात?" हे मी कधी विचारलं नव्हतं. एवढी चार रहस्यं गोळा केली, पण हा साधा प्रश्न सुचला नाही. बघा, कसली मी गुप्तहेर!

हे आणि म्हातारीचा मुलगा एका खोलीत राहत. दोघेही बिनलग्नाचे, एकाच वयाचे. हाताने करून खात, एकमेकांचे सदरे घालत. त्या पहाटे खोली पडली. यांना दुपारपर्यंत ढिगाऱ्यातून काढलं, हात मोडलेला होता. मुलगा दाराशी सापडला. दाराच्या आतल्या बाजूला. कडी लावलेली होती, आणि चौकट दबल्यामुळे ती निघाली नव्हती.

म्हातारी म्हणाली, "म्या एकदाच इचारलं त्याला, की बाबा, त्या रातच्याला कडी कुनी लावली व्हती? माजा ल्योक तर घरी कदी कडी लावत नव्हता. तर त्यो काय बोललाच न्हाई. निस्ता बसून ऱ्हायला. मग म्या बी पुन्ना न्हाई इचारलं. इचारून काय ल्योक येनार हाय व्हय?"

मी परत आले ती एस.टी.त खिडकीकडे तोंड करून रडत आले. यांच्यासाठी रडत होते, त्या माउलीसाठी, की माझ्या मनात आलेल्या घाणेरड्या संशयासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. बाजाराची पिशवी रिकामीच होती. यांनी पाहिली, पण विचारलं नाही. मी पिठलं-भाकरी केली. वाढताना एवढंच म्हटलं, "अहो, पुढच्या महिन्यापासून मनीऑर्डरचा फॉर्म मी भरत जाईन. तुमचं अक्षर पोस्टातल्यांना लागत नाही." यांचा घास हातातच राहिला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "बरं," म्हणाले.

एवढंच. मैत्रिणींनो, अडतीस वर्षांच्या संसारात या विषयावर आमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच. त्या रात्री खोलीची कडी काढून मीच दार लोटून घेतलं. म्हातारी होती तोवर दर महिन्याला मनीऑर्डर गेली, पुढे रक्कम वाढवली. मुलीच्या बारशाला ती आली होती. ११ डिसेंबरला हे पहाटे निघाले की मी बरोबर पुरणाच्या दोन पोळ्या बांधून द्यायची. त्या पहाटे कडी कुणी लावली होती, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

याच्यानंतर तीन वर्षांनी, १९७६ च्या जानेवारीत, अॅगाथा ख्रिस्ती वारल्याची बातमी पेपरात आली. बाईंचं नाव मी ऐकून होते. ख्रिस्तीबाईंच्या आयुष्यातही एक गूढ होतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. १९२६ साल. एप्रिलात बाईंची आई गेली. त्याच वर्षी नवऱ्याने सांगितलं, की माझं दुसरीवर मन बसलं आहे, मला घटस्फोट हवा. ३ डिसेंबरच्या रात्री, सात वर्षांच्या मुलीला झोपलेली ठेवून, बाई गाडी घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली, आत फरचा कोट होता, पण बाई नाहीत. सगळ्या इंग्लंडात गहजब झाला. पोलिस, हजारो स्वयंसेवक, विमानंसुद्धा शोधात निघाली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी तर बाईंचा हातमोजा घेऊन एका अतींद्रिय शक्तीवाल्याकडे चौकशी केली! अकरा दिवसांनी बाई हॅरोगेट नावाच्या गावी एका हॉटेलात सापडल्या. सुखरूप. आणि हॉटेलच्या वहीत त्यांनी नाव कुठलं लिहिलं होतं? नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं आडनाव!

स्मृती गेली होती, असं नवऱ्याने जाहीर केलं. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. दोन वर्षांनी बाईंनी एका पुराणवस्तू संशोधकाशी लग्न केलं आणि तो संसार शेवटपर्यंत सुखाचा झाला. पण त्या अकरा दिवसांचं काय? त्यांचं आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये निघालं. पुढे माझ्या धाकट्या भावाने ते पुण्याहून आणून दिलं. शब्दकोश जवळ घेऊन मी ते सहा महिने वाचलं. त्यात सगळं आहे. लहानपणचं घर आहे, पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम करताना विषांची माहिती कशी झाली ते आहे. लिहायला स्वतंत्र खोली नव्हती, जेवणाच्या टेबलावर दोन जेवणांच्या मधल्या वेळात लिहायच्या, हे आहे. जगभर पुस्तकं खपत असताना फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात त्या 'विवाहित स्त्री' एवढंच भरत, हेही आहे! ते वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण ते अकरा दिवस? एक ओळ नाही.

सहासष्ट रहस्यकादंबऱ्यांमध्ये जगाला प्रत्येक खुनाचं उत्तर देणारी बाई, आणि स्वतःच्या दुःखाच्या दाराला तिने आतून कडी लावून घेतली. लोक म्हणतात, प्रसिद्धीसाठी केलं. कुणी म्हणतं, नवऱ्याला धडा शिकवायला. मला विचाराल तर मला त्यात काही गूढ वाटत नाही. आई गेलेली, नवरा जायला निघालेला, अशा बाईला अकरा दिवस स्वतःच्या नावाचाच भार झाला असेल. उरलेलं तिचं तिच्यापाशी. आमच्या घरात असं एक माणूस होतं, म्हणून मला ते समजलं असेल.

हे १९९८ साली निवृत्त झाले आणि आम्ही कराडला आलो. २००९ मध्ये ते गेले. तेराव्यानंतर मुलीने ट्रंक ओढून काढली. किल्ली आता माझ्याकडे होती. मी म्हटलं, "तू बाहेर जा, मी उघडते."

ट्रंकेत फारसं काही नव्हतं. एक शर्ट, यांच्या मापाचा नसलेला. आणि त्यात गुंडाळलेलं एक पुस्तक. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, पानं मातीने पिवळी झालेली. पहिलं पान वाचलं आणि मी मटकन खालीच बसले. झुंझारची गोष्ट होती ती! मधे खूण म्हणून एस.टी.चं तिकीट घातलेलं. म्हणजे त्या रात्री तो मुलगा वाचत होता. तिकिटापर्यंत वाचून झालं होतं, पुढचं राहिलं होतं.

तेव्हा मला माझ्या डब्यामागचं पुस्तक आठवलं, आणि यांचा पांढरा पडलेला चेहरा.

मी ते पुस्तक त्याच रात्री वाचलं. तिकिटाच्या पानापासून शेवटपर्यंत. कुणीतरी पुरं करायला हवं होतं. झुंझार सुटला, दुष्ट सापडला, सगळ्याचा उलगडा झाला. पण माझ्या माणसाचा उलगडा? कदाचित यांनी म्हटलं असेल, "आता दिवा मालव, थंडी आहे, कडी लाव." कदाचित स्वतः उठून लावली असेल. कदाचित यांतलं काहीच नसेल. मी तर्क करणं तिथेच थांबवलं.

मुलगी म्हणाली, "आई, तू बाबांना विचारायला हवं होतंस. बोलले असते तर मोकळे झाले असते." तिचं चुकत नाही. तिची पिढी बोलते, आणि बरं करते. मी आजही खात्रीने सांगू शकत नाही, की माझं गप्प राहणं म्हणजे माया होती की भित्रेपणा. काही रात्री हे झोपेत दचकून उठायचे, तेव्हा मी पाठीवर हात ठेवायची, आणि शब्द अगदी ओठांवर यायचे. पण प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, तर त्या उत्तराचं मी काय करणार होते, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून, मैत्रिणींनो, गप्प बसा असा सल्ला मी कुणाला देणार नाही. घरात कर्ज लपवलेलं असेल, आजार लपवलेला असेल, कुणाचा हात उठत असेल, तर तिथे गप्प राहू नका. सरळ विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारा. पण एवढं मात्र माझं ऐका. खिशात पावती सापडली म्हणजे गुन्हा सापडला असं नाही. आपण पुरावे गोळा करतो ते बहुधा आपल्याच भीतीच्या बाजूने. मी कडी पाहिली, ट्रंक पाहिली, पावत्या पाहिल्या. एक मोडलेला हात रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, तो मात्र मी पाहिला नाही.

कोयनेच्या भागात अजूनही धरणी अधूनमधून हलते. ती का हलते, हे शोधायला शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये तिथे जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. नातवाने मला मोबाइलवर दाखवलं. मी त्याला म्हटलं, "शोधा बाबांनो, शोधायलाच हवं. त्यावर माणसांचे जीव आहेत." जमिनीच्या पोटातलं गुपित उलगडलंच पाहिजे. माणसाच्या पोटातलं एखादं राहिलं तर राहिलं.

सून रोज ओरडते, "आई, एकट्या निजता, कडी तरी लावत जा!" बाहेरचं दार मी लावते, अगदी दोन कड्या. खोलीचं मात्र नुसतं लोटून घेते. उशाशी बॅटरी ठेवते. आणि खरं सांगू? मला तशीच शांत झोप लागते.